दळणवळण उपग्रह प्रणालींच्या संकल्पनांची तुलना

दळणवळण उपग्रह प्रणालींच्या संकल्पनांची तुलना ही अवकाश अभियांत्रिकीतील एक विश्लेषणपद्धती आहे. नवी उपग्रह प्रणाली उभारण्यापूर्वी तिचे पर्यायी आराखडे समान निकषांवर तपासून पाहणे हा तिचा हेतू असतो. उपग्रह कोणत्या कक्षेत ठेवावेत, ते किती असावेत, कोणत्या वारंवारता वापराव्यात, संकेतांवरील प्रक्रिया उपग्रहात करावी की भूकेंद्रात, आणि खर्चाचा भार अवकाशातील यंत्रणेवर टाकावा की जमिनीवरील साधनांवर, हे या तुलनेतील मुख्य प्रश्न होत. एकदा प्रक्षेपित झालेल्या उपग्रहाच्या रचनेत सहसा बदल करता येत नाही. त्यामुळे या टप्प्यावर घेतलेला निर्णय पुढील दहा-पंधरा वर्षे बंधनकारक ठरतो. चुकीच्या निवडीमुळे मोठ्या कंपन्यांनी दिवाळखोरी पत्करल्याची उदाहरणे आहेत, तर योग्य निवडीमुळे दुर्गम भागांत प्रथमच दूरध्वनी व दूरचित्रवाणी पोहोचल्याचीही उदाहरणे आहेत.

## तुलनेचे निकष

संकल्पनांची तुलना करताना प्रथम गरज निश्चित केली जाते. सेवा कोणत्या प्रदेशाला, किती वापरकर्त्यांना आणि कोणत्या स्वरूपात द्यायची आहे, यावरून वाहतुकीचा अंदाज बांधतात. त्यानंतर प्रत्येक आराखड्यासाठी पुढील बाबींचा हिशेब केला जातो.

* संकेतशक्तीचा ताळेबंद: प्रक्षेपकाची शक्ती, अँटेनाचा आकार, अंतरामुळे होणारी घट, पावसामुळे होणारे शोषण आणि ग्राहकयंत्रातील गोंगाट यांची बेरीज-वजाबाकी.
* वस्तुमान व विद्युतशक्ती: उपलब्ध अग्निबाणाची क्षमता व सौरघटांचे क्षेत्रफळ यांमुळे पडणाऱ्या मर्यादा.
* विलंब: संकेत जाण्यायेण्यास लागणारा वेळ.
* व्याप्ती: एका उपग्रहाच्या दृष्टिक्षेपात येणारा भूभाग, आणि अखंड सेवेसाठी लागणारी उपग्रहांची संख्या.
* विश्वासार्हता व आयुर्मान: एखादा घटक निकामी झाल्यास सेवा किती प्रमाणात बंद पडेल, याचा अंदाज.
* एकूण खर्च: उपग्रहांची बांधणी, प्रक्षेपण, विमा, भूकेंद्रे, वापरकर्त्यांची उपकरणे आणि संचालन यांचा संपूर्ण आयुर्मानातील खर्च.

यांतील कोणताही एक निकष स्वतंत्रपणे निर्णायक नसतो. उदाहरणार्थ, उपग्रहाची उंची कमी केल्यास विलंब घटतो व संकेत प्रबळ होतो, परंतु लागणाऱ्या उपग्रहांची संख्या वाढते. अँटेना मोठा केल्यास वापरकर्त्याचे उपकरण लहान होते, परंतु उपग्रह जड व महाग होतो.

## प्रारंभीचा इतिहास

### क्लार्क आणि पिअर्स

ब्रिटिश लेखक आर्थर सी. क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या मासिकात पृथ्वीच्या परिवलनाशी जुळणाऱ्या कक्षेतील तीन स्थानकांची कल्पना मांडली. विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवरील उपग्रह जमिनीवरून स्थिर भासतो, आणि असे तीन उपग्रह जवळजवळ संपूर्ण वस्तीच्या जगाला सेवा देऊ शकतात, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्या काळी निर्वात नळ्या वरचेवर बदलाव्या लागत. त्यामुळे या स्थानकांवर माणसे राहतील असे त्यांनी गृहीत धरले होते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील अभियंते जॉन आर. पिअर्स यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात निरनिराळ्या पर्यायांची आकडेवारीनिशी तुलना केली. केवळ संकेत परावर्तित करणारा निष्क्रिय उपग्रह, संकेत वर्धित करून परत पाठवणारा सक्रिय उपग्रह, तसेच कमी उंचीची व २४ तासांची कक्षा, असे पर्याय त्यांनी तपासले. माणसांविना चालणारे उपग्रह दळणवळणासाठी पुरेसे ठरतील, हे या लेखातून स्पष्ट झाले.

### निष्क्रिय व सक्रिय उपग्रह

निष्क्रिय संकल्पनेची कसोटी 'एको १' या सुमारे ३० मीटर व्यासाच्या, धातूचा लेप दिलेल्या फुग्याने झाली. तो १२ ऑगस्ट १९६० रोजी कक्षेत सोडण्यात आला. त्यात बिघडण्यासारखे इलेक्ट्रॉनिक वर्धक नव्हते, आणि कोणत्याही वारंवारतेवर त्याचा वापर करता येत होता. मात्र फुग्यावरून परावर्तित होणारा संकेत सर्व दिशांना विखुरला जात असल्याने जमिनीवर परतणारी शक्ती अंतराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटत असे. त्यामुळे प्रचंड अँटेना आणि अत्यंत संवेदनक्षम ग्राहकयंत्रे अपरिहार्य ठरली. व्यापारी सेवेसाठी ही संकल्पना मागे पडली.

सक्रिय संकल्पनेचे ठळक उदाहरण म्हणजे १० जुलै १९६२ रोजी प्रक्षेपित झालेला 'टेलस्टार १'. सुमारे ७७ किग्रॅ वजनाच्या या उपग्रहाने अमेरिका व युरोप यांच्यात थेट दूरचित्रवाणी प्रक्षेपण शक्य केले. परंतु त्याची कक्षा सुमारे ९५० ते ५,९०० किमी उंचीची असल्याने अटलांटिकच्या दोन्ही काठांवरून तो एकाच वेळी प्रत्येक फेरीत साधारण वीस मिनिटेच दिसत असे. प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी अमेरिकेने अतिउंचीवर केलेल्या अणुचाचणीमुळे वाढलेल्या प्रारणाचा त्याच्या ट्रान्झिस्टरांना फटका बसला, आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा निकामी झाला. कक्षेची निवड करताना प्रारणपट्ट्यांचा विचार किती आवश्यक आहे, हे यातून दिसून आले.

### मध्यम उंची की भूस्थिर कक्षा

१९६० च्या दशकाच्या प्रारंभी दोन विचारप्रवाह होते. टेलस्टारची उभारणी करणाऱ्या एटी अँड टी कंपनीचा कल मध्यम उंचीवरील अनेक उपग्रहांच्या प्रणालीकडे होता. या प्रणालीत विलंब कमी राहिला असता, आणि एखादा उपग्रह बिघडला तरी सेवा चालू राहिली असती. मात्र प्रत्येक भूकेंद्राला आकाशात सरकणाऱ्या उपग्रहांचा मागोवा घेणारे किमान दोन मोठे अँटेना लागले असते. दुसरा पर्याय भूस्थिर उपग्रहाचा होता. त्यावर दोन मुख्य आक्षेप होते: इतक्या उंचीवर अचूक स्थान राखणारा उपग्रह फार जड होईल, आणि संभाषणातील विलंब व प्रतिध्वनी लोकांना असह्य होतील.

पहिल्या आक्षेपाला ह्यूजेस कंपनीतील हॅरॉल्ड रोझेन, डोनाल्ड विल्यम्स व टॉमस हडस्पेथ यांनी उत्तर शोधले. स्वतःभोवती फिरून स्थैर्य राखणारा, हलका व साधा उपग्रह त्यांनी सुचवला. अमेरिकी लष्कराचा 'ॲडव्हेंट' हा जड व गुंतागुंतीचा भूस्थिर उपग्रह प्रकल्प १९६२ मध्ये रद्द झाला. ह्यूजेसचा 'सिंकॉम २' मात्र जुलै १९६३ मध्ये भूसमकालिक कक्षेत पोहोचला. ऑगस्ट १९६४ मध्ये प्रक्षेपित झालेला 'सिंकॉम ३' हा पहिला भूस्थिर उपग्रह ठरला, आणि त्याच्याद्वारे तोक्यो ऑलिंपिकची दृश्ये अमेरिकेत पोहोचली.

दुसऱ्या आक्षेपाची परीक्षा प्रत्यक्ष वापरातूनच होणार होती. ६ एप्रिल १९६५ रोजी प्रक्षेपित झालेला 'इंटेलसॅट १' ऊर्फ 'अर्ली बर्ड' २४० दूरध्वनी मार्ग किंवा एक दूरचित्रवाणी वाहिनी वाहून नेत असे. १९५६ मध्ये टाकलेल्या पहिल्या अटलांटिकपार दूरध्वनी तारेत प्रारंभी ३६ मार्ग होते, हे लक्षात घेता ही झेप मोठी होती. अठरा महिन्यांच्या अपेक्षित आयुर्मानाच्या या उपग्रहाने साडेतीन वर्षांहून अधिक काळ सेवा दिली. प्रतिध्वनीवर तांत्रिक उपाय निघाले, आणि पुढील तीन दशके व्यापारी दळणवळणात भूस्थिर कक्षेचे वर्चस्व राहिले. जुलै १९६९ पर्यंत अटलांटिक, प्रशांत व हिंदी महासागरांवरील उपग्रहांच्या साहाय्याने इंटेलसॅटची जागतिक व्याप्ती पूर्ण झाली.

### मोल्निया: भूगोलानुसार वेगळा निष्कर्ष

सोव्हिएत संघाने याच काळात निराळा पर्याय निवडला. भूस्थिर उपग्रह उत्तरेकडील प्रदेशातून क्षितिजाजवळ दिसतो, आणि सुमारे ८१ अंश अक्षांशापलीकडे तो दिसतच नाही. शिवाय उच्च अक्षांशावरील प्रक्षेपणतळावरून विषुववृत्तीय कक्षा गाठण्यास अधिक इंधन लागते. म्हणून एप्रिल १९६५ मध्ये 'मोल्निया १' हा उपग्रह सुमारे १२ तासांच्या अतिलंबवर्तुळाकार कक्षेत सोडण्यात आला. सुमारे ४०,००० किमीच्या कमाल उंचीजवळ उपग्रहाचा वेग मंद होतो आणि तो तासन्‌तास उत्तर गोलार्धावर राहतो. अशा अनेक उपग्रहांनी आळीपाळीने सेवा दिल्यास ती अखंड राहते. एकाच वेळी, एकाच तांत्रिक ज्ञानाच्या आधारे दोन देश परस्परभिन्न निष्कर्षांवर आले. यावरून संकल्पनेची श्रेष्ठता ही सेवाक्षेत्राच्या भूगोलावर अवलंबून असते, हे स्पष्ट होते.

## कक्षांची तुलना

खालील तक्त्यात निरनिराळ्या उंचीवरील वर्तुळाकार कक्षांची वैशिष्ट्ये दिली आहेत. दृश्य भाग हा क्षितिजापर्यंतचा भौमितिक भाग आहे. प्रत्यक्षात उपग्रह क्षितिजापासून बराच वर असावा लागतो, त्यामुळे उपयुक्त भाग याहून कमी असतो. विलंब हा उपग्रह थेट डोक्यावर असताना संकेताच्या एकदा वर जाऊन खाली येण्याचा आहे.

| कक्षा | उंची | प्रदक्षिणाकाल | पृष्ठभागाचा दृश्य भाग | किमान विलंब | उदाहरण |
|---|---|---|---|---|---|
| निम्न | ५५० किमी | सुमारे ९६ मिनिटे | ४ टक्के | ४ मिलिसेकंद | स्टारलिंक |
| निम्न | ७८० किमी | सुमारे १०० मिनिटे | ५.५ टक्के | ५ मिलिसेकंद | इरिडियम |
| निम्न | १,२०० किमी | सुमारे १०९ मिनिटे | ८ टक्के | ८ मिलिसेकंद | वनवेब |
| निम्न | १,४१४ किमी | सुमारे ११४ मिनिटे | ९ टक्के | ९ मिलिसेकंद | ग्लोबलस्टार |
| मध्यम | ८,०६२ किमी | सुमारे ४ तास ४८ मिनिटे | २८ टक्के | ५४ मिलिसेकंद | ओथ्रीबी |
| भूस्थिर | ३५,७८६ किमी | २३ तास ५६ मिनिटे | ४२ टक्के | २३९ मिलिसेकंद | इंटेलसॅट, इन्सॅट |

संकेताची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. भूस्थिर उपग्रह ५५० किमीवरील उपग्रहापेक्षा ६५ पट दूर असतो. त्यामुळे इतर सर्व बाबी समान असतील, तर त्याच्याकडून येणारा संकेत सुमारे ४,२०० पट क्षीण असतो. ही तूट मोठ्या अँटेनांनी किंवा अधिक शक्तीच्या प्रक्षेपकांनी भरून काढावी लागते. याउलट भूस्थिर उपग्रहासाठी जमिनीवरील अँटेना एकदा रोखून ठेवला की पुरतो. निम्न कक्षेतील उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजाआड जातो, त्यामुळे वापरकर्त्याच्या उपकरणाला सतत एका उपग्रहावरून दुसऱ्यावर वळावे लागते. विद्युतीय रीतीने दिशा बदलणारे सपाट अँटेना मोठ्या संख्येने व परवडणाऱ्या किमतीत तयार होईपर्यंत निम्न कक्षेतील घरगुती इंटरनेट सेवा व्यवहार्य नव्हती.

दूरचित्रवाणी प्रक्षेपणात पाव सेकंदाच्या विलंबाने काहीही बिघडत नाही, परंतु संभाषणात तो जाणवतो. प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत भूस्थिर मार्गावर जवळजवळ अर्धा सेकंद जातो. म्हणून एकाच मजकुराचे लक्षावधी घरांना वितरण करण्यासाठी भूस्थिर कक्षा, आणि परस्परसंवादी सेवांसाठी कमी उंचीच्या कक्षा अधिक अनुकूल मानल्या जातात.

## उपग्रहाच्या रचनेतील पर्याय

### साधा पुनर्प्रक्षेपक व उपग्रहातील प्रक्रिया

बहुतांश दळणवळण उपग्रह आलेला संकेत वर्धित करून, त्याची वारंवारता बदलून परत पाठवतात. यासाठी वापरला जाणारा संच ट्रान्सपाँडर या नावाने ओळखला जातो. ही रचना साधी असते, आणि संकेताचे स्वरूप बदलले तरी उपग्रह निरुपयोगी ठरत नाही. दुसऱ्या पर्यायात उपग्रहातच संकेताचे अंकीय रूप उलगडून तो योग्य दिशेला वळवला जातो. त्यामुळे क्षमतेचा वापर अधिक काटेकोर होतो, परंतु उपग्रहाची गुंतागुंत वाढते आणि त्यावरील तंत्रज्ञान काही वर्षांत जुने होण्याचा धोका राहतो. अमेरिकेच्या नासा संस्थेने सप्टेंबर १९९३ मध्ये सोडलेल्या 'ॲक्ट्स' या प्रायोगिक उपग्रहाने उपग्रहातील जोडणी, एका ठिकाणाहून दुसरीकडे झटपट सरकणाऱ्या शलाका आणि २० ते ३० गिगाहर्ट्झचा केए पट्टा यांची एकत्रित चाचणी घेतली. पुढे संगणकीय आज्ञेने व्याप्तिक्षेत्र बदलता येणारे उपग्रहही तयार झाले. जुलै २०२१ मध्ये प्रक्षेपित झालेला 'युटेलसॅट क्वांटम' हे त्याचे उदाहरण होय.

### रुंद व अरुंद शलाका

एकच रुंद शलाका संपूर्ण देशावर पसरवल्यास प्रक्षेपण सोपे होते, परंतु उपलब्ध वारंवारता एकदाच वापरता येते. त्याच क्षेत्राचे अनेक अरुंद शलाकांमध्ये विभाजन केल्यास, एकमेकींपासून दूर असलेल्या शलाकांत तीच वारंवारता पुन्हा वापरता येते. या तत्त्वावर २०१० मध्ये 'का-सॅट' उपग्रहावर ८२ शलाका बसवण्यात आल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'व्हायासॅट १' ची क्षमता सेकंदाला सुमारे १४० गिगाबिट होती.

### वारंवारता व पाऊस

४ ते ६ गिगाहर्ट्झच्या सी पट्ट्यावर पावसाचा परिणाम अत्यल्प असतो. ११ ते १४ गिगाहर्ट्झच्या केयू पट्ट्यावर तो जाणवतो, तर केए पट्ट्यावर तीव्र असतो. समशीतोष्ण प्रदेशासाठी केलेला आराखडा मोसमी पावसाच्या प्रदेशात जसाच्या तसा लागू पडत नाही. कोकण व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील मुसळधार पावसात घरावरील डिश अँटेनाचे चित्र काही काळ खंडित होते, ते याच कारणाने. मुंबईहून ७४ अंश पूर्व रेखांशावरील भूस्थिर उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६८ अंश उंच दिसतो. त्यामुळे संकेताचा पावसातील मार्ग तुलनेने आखूड राहतो. निम्न कक्षेतील उपग्रह क्षितिजाकडे झुकलेला असताना हा मार्ग लांबतो.

## खर्चाची विभागणी: अवकाश आणि जमीन

उपग्रह प्रणालीत एक ठोकताळा वारंवार प्रत्ययास येतो: उपग्रह जितका लहान, तितके जमिनीवरील साधन मोठे. प्रारंभीचे इंटेलसॅट उपग्रह दुर्बळ असल्याने भूकेंद्रांना सुमारे ३० मीटर व्यासाचे अँटेना लागत. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात आर्वी येथे १९७२ मध्ये उद्‌घाटन झालेले विक्रम भूकेंद्र याच प्रकारचे होते. हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहाद्वारे ते भारताला परदेशांशी जोडत असे. देशाला अशी मोजकीच केंद्रे पुरत असल्यामुळे त्यांचा खर्च परवडत होता.

मात्र हजारो खेड्यांपर्यंत पोहोचायचे असेल, तर हे समीकरण उलटे करावे लागते. नासाच्या 'एटीएस-६' उपग्रहावर ९.१ मीटर व्यासाचा उलगडणारा अँटेना होता. त्याच्या साहाय्याने १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारतात 'साइट' हा उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग पार पडला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत तारेच्या जाळीचे सुमारे ३ मीटर व्यासाचे साधे अँटेना बसवून शेती, आरोग्य व शिक्षणविषयक कार्यक्रम थेट पोहोचवण्यात आले. अवकाशातील साधन महाग व गावातील साधन स्वस्त, अशी ही विभागणी होती. वर्षअखेरीस उपग्रह परत अमेरिकेच्या बाजूला हलवण्यात आला आणि थेट प्रक्षेपण थांबले. दुसऱ्या देशाच्या उपग्रहावर अवलंबून असलेली संकल्पना तांत्रिकदृष्ट्या यशस्वी ठरूनही टिकाऊ नसते, हा या प्रयोगाचा एक धडा होता.

अशीच विभागणी एकविसाव्या शतकात साध्या मोबाइल दूरध्वनीला थेट जोडणाऱ्या उपग्रहांत दिसते. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'ब्लूवॉकर ३' या चाचणी उपग्रहावरील अँटेनाचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस मीटर होते. वापरकर्त्याच्या हातातील उपकरणात कोणताही बदल करता येणार नसल्याने सर्व भार उपग्रहावर टाकावा लागला.

## भारतातील संकल्पना

विक्रम साराभाई यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतासाठी संमिश्र प्रणालीचा पुरस्कार केला. शहरांत जमिनीवरील प्रक्षेपक आणि विखुरलेल्या खेड्यांत थेट उपग्रह, असे तिचे स्वरूप होते. जमिनीवरील प्रक्षेपकांचे जाळे संपूर्ण देशभर विणण्यास फार काळ लागला असता, आणि दुर्गम भागांचा क्रम सर्वांत शेवटी लागला असता, ही त्यामागील भूमिका होती.

'इन्सॅट' मालिकेत आणखी एक वेगळा निर्णय घेण्यात आला. दूरसंचार, दूरचित्रवाणी प्रक्षेपण व हवामान निरीक्षण ही तिन्ही कामे एकाच भूस्थिर उपग्रहावर एकत्र आणण्यात आली. तीन स्वतंत्र उपग्रहांचा खर्च यामुळे वाचला, परंतु रचनेवर बंधने आली. हवामान निरीक्षणाच्या उपकरणातील शीतकाला थंड अवकाशाचे मोकळे दर्शन आवश्यक असल्याने सौरपंख एकाच बाजूला ठेवावे लागले, आणि सूर्यप्रकाशाच्या दाबाचा समतोल राखण्यासाठी विरुद्ध बाजूला सौरशीड बसवावे लागले. एप्रिल १९८२ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'इन्सॅट-१ए' चे हे शीड उलगडले नाही, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उपग्रह निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये प्रक्षेपित झालेला 'इन्सॅट-१बी' मात्र यशस्वी ठरला, आणि देशभर दूरदर्शनचा विस्तार त्याच्या आधाराने झाला. पुढे २००२ मध्ये केवळ हवामानासाठीचा उपग्रह सोडण्यात आला. तो नंतर 'कल्पना-१' या नावाने ओळखला जाऊ लागला. शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' २००४ मध्ये प्रक्षेपित झाला. क्षमता वाढली तशी एकत्रित संकल्पनेकडून विशेषीकृत संकल्पनेकडे वाटचाल झाली.

डिसेंबर २०१८ मध्ये प्रक्षेपित झालेला 'जीसॅट-११' हा ५,८५४ किग्रॅ वजनाचा उपग्रह अरुंद शलाकांच्या तत्त्वावर आधारित आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'जीसॅट-एन२' वर केए पट्ट्यातील ३२ शलाका आहेत. त्यांपैकी ८ अरुंद शलाका ईशान्य भारतासाठी, तर २४ रुंद शलाका उर्वरित देशासाठी आहेत. डोंगराळ व तारमार्ग टाकण्यास कठीण प्रदेशाला जाणीवपूर्वक अधिक क्षमता देणे, हा या आराखड्यातील धोरणात्मक निर्णय आहे.

## उपग्रहसमूहांची पहिली लाट

१९९० च्या दशकात हातातील दूरध्वनीसाठी अनेक प्रणाली प्रस्तावित झाल्या. त्यांपैकी इरिडियम व ग्लोबलस्टार यांची तुलना अभ्यासक्रमांत वारंवार केली जाते.

इरिडियम प्रणालीत मुळात ७७ उपग्रह योजले होते. इरिडियम मूलद्रव्याचा अणुक्रमांक ७७ असल्याने तिला हे नाव मिळाले. पुढे ही संख्या ६६ करण्यात आली. शेजारच्या उपग्रहांशी थेट रेडिओ दुवे असल्यामुळे महासागर व ध्रुवप्रदेशांसह जगात कोठूनही संभाषण शक्य झाले, आणि भूकेंद्रे मोजकीच लागली. ग्लोबलस्टारने ४८ साधे पुनर्प्रक्षेपक उपग्रह वापरले. उपग्रहाच्या दृष्टिक्षेपात भूकेंद्र असेल तेथेच ही सेवा मिळे, त्यामुळे खुल्या समुद्रात ती उपलब्ध नव्हती. मात्र उपग्रह स्वस्त राहिले.

दोन्ही आराखडे तांत्रिकदृष्ट्या चालले, तरीही दोन्ही कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू करणाऱ्या इरिडियमने ऑगस्ट १९९९ मध्ये, तर ग्लोबलस्टारने फेब्रुवारी २००२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आराखडा ठरल्यापासून सेवा सुरू होईपर्यंतच्या काळात जमिनीवरील मोबाइल जाळे शहरांत व महामार्गांवर पसरले होते, आणि अपेक्षित ग्राहकवर्ग त्याकडे वळला होता. तुलनेतील सर्वांत कमकुवत दुवा तांत्रिक गणित नसून बाजारपेठेचा अंदाज होता, असा निष्कर्ष यातून काढला जातो. त्यानंतर इरिडियमची मालमत्ता मूळ खर्चाच्या अत्यल्प भागात विकली गेली. कर्जाचा बोजा उतरल्यानंतर जहाजे, विमाने, लष्कर व आपत्ती निवारण या क्षेत्रांत ही सेवा टिकून राहिली. ८४० उपग्रहांची योजना घेऊन पुढे आलेल्या 'टेलिडेसिक' प्रकल्पाची संख्या २८८ वर आणली गेली, आणि २००२ मध्ये त्याचे काम थांबवण्यात आले.

## एकविसाव्या शतकातील संकल्पना

पुन्हा वापरता येणारे अग्निबाण व उपग्रहांचे कारखानापद्धतीचे उत्पादन यांमुळे निम्न कक्षेचे अर्थकारण बदलले. स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह मे २०१९ मध्ये एकाच अग्निबाणातून प्रक्षेपित झाले. त्यानंतर ही संख्या हजारोंत गेली. उपग्रहांमधील लेझर दुव्यांमुळे लांब पल्ल्यावर संकेत काचतंतूपेक्षाही लवकर पोहोचू शकतो, कारण काचेत प्रकाशाचा वेग निर्वातातील वेगाच्या सुमारे दोन तृतीयांश असतो.

वनवेबने १,२०० किमी उंची व ध्रुवीय स्वरूपाची कक्षा निवडली. या कंपनीने मार्च २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्यानंतर ब्रिटिश सरकार व भारताच्या भारती समूहाने तिला सावरले. तिचे ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ व मार्च २०२३ मध्ये दोन खेपांत भारताच्या एलव्हीएम-३ अग्निबाणाने श्रीहरिकोट्याहून प्रक्षेपित झाले. विषुववृत्तावरील ओथ्रीबी प्रणालीने मध्यम कक्षेचा पर्याय निवडला. थोड्या उपग्रहांत कमी विलंबाची सेवा हा तिचा विशेष आहे.

जोखमीच्या दृष्टीने या संकल्पनांत मोठा फरक आहे. २०२३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या 'व्हायासॅट-३' मालिकेतील पहिल्या उपग्रहाचा अँटेना नीट उलगडला नाही, आणि नियोजित क्षमतेच्या एक दशांशाहून कमी क्षमता हाती लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये भूचुंबकीय वादळामुळे स्टारलिंकचे ४९ पैकी बहुतांश नवे उपग्रह वातावरणात जळून गेले, परंतु सेवेत खंड पडला नाही. मात्र निम्न कक्षेतील उपग्रहांचे आयुर्मान साधारण पाच वर्षांचे असल्याने ते सतत बदलावे लागतात. भूस्थिर उपग्रह पंधरा वर्षे चालू शकतो.

## सामायिक साधनसंपत्तीचा प्रश्न

कक्षा व वारंवारता या मर्यादित आहेत, आणि त्या कोणा एका देशाच्या मालकीच्या नाहीत. भूस्थिर कक्षेत एक अंशाचे अंतर सुमारे ७३६ किमी असते, तरी शेजारच्या उपग्रहांचे संकेत एकमेकांत मिसळू नयेत म्हणून पुरेसे अंतर राखावे लागते. प्रथम येणाऱ्याला प्रथम जागा, या पद्धतीमुळे विकसनशील देशांना पुढे जागा उरणार नाही, अशी चिंता १९७० च्या दशकात व्यक्त झाली. १९७६ मध्ये विषुववृत्तावरील काही देशांनी बोगोटा येथे आपल्या भूमीवरील भूस्थिर कक्षेवर हक्क सांगितला. तो आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाला नाही. मात्र १९८५ व १९८८ च्या आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये काही वारंवारतापट्ट्यांत प्रत्येक देशासाठी जागा राखून ठेवण्याची योजना स्वीकारण्यात आली.

निम्न कक्षेत टक्कर व अवकाश कचरा हा गंभीर प्रश्न आहे. १० फेब्रुवारी २००९ रोजी 'इरिडियम ३३' हा चालू उपग्रह आणि 'कॉसमॉस २२५१' हा निकामी रशियन उपग्रह यांची टक्कर होऊन हजारो तुकडे झाले. सुमारे ५५० किमीवरील निकामी उपग्रह हवेच्या घर्षणामुळे काही वर्षांत खाली येतो. १,२०० किमीवरील उपग्रह मात्र शतकानुशतके कक्षेत राहू शकतो. त्यामुळे उंचीची निवड ही केवळ सेवेची बाब राहिलेली नाही. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २०२२ मध्ये निम्न कक्षेतील उपग्रह काम संपल्यानंतर पाच वर्षांच्या आत कक्षेतून काढण्याचा नियम केला. उपग्रहांवरून परावर्तित होणारा प्रकाश आणि त्यांचे रेडिओ उत्सर्जन यांचा खगोलशास्त्रीय निरीक्षणांना होणारा उपद्रव हाही तुलनेतील नवा निकष ठरला आहे.

## तुलनेच्या मर्यादा

संकल्पनांच्या तुलनेचा निष्कर्ष गृहीतकांवर अवलंबून असतो. प्रक्षेपणाचा दर, व्याजदर, ग्राहकसंख्या किंवा उपकरणाची किंमत यांपैकी एखादे गृहीतक बदलल्यास आराखड्यांचा क्रमही बदलू शकतो. म्हणून प्रत्येक गृहीतक स्वतंत्रपणे कमी-अधिक करून निष्कर्ष किती स्थिर राहतो, हे तपासले जाते. दुसरी मर्यादा मूल्यांची आहे. प्रति गिगाबिट किमान खर्च हा एकमेव निकष मानल्यास दाट वस्तीच्या प्रदेशांना झुकते माप मिळते, आणि जेथे उपग्रहाला पर्यायच नाही असे प्रदेश मागे पडतात. 'साइट' व 'इन्सॅट' यांच्या आराखड्यांत पोहोच हा निकष खर्चाच्या बरोबरीने धरला गेला होता. तिसरी मर्यादा काळाची आहे. उपग्रहाची तुलना अनेकदा आजच्या जमिनीवरील जाळ्याशी केली जाते, परंतु प्रणाली कार्यान्वित होते तेव्हा तिला पाच-दहा वर्षांनंतरच्या जाळ्याशी स्पर्धा करावी लागते. याच कारणांमुळे अलीकडील आराखड्यांत टप्प्याटप्प्याने उभारणी, आज्ञेने बदलता येणारी उपकरणे आणि निरनिराळ्या कक्षांचा एकत्रित वापर यांना महत्त्व दिले जाते.

## हेही पाहा

* भूस्थिर कक्षा
* इन्सॅट
* विक्रम साराभाई
* आर्थर सी. क्लार्क
* अवकाश कचरा